रंगमंचासमोरची खोली

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे जमणार नाही.

ही गोष्ट मी रचलेली नाही. जिच्या बाबतीत ती घडली ती गेक सिम आजही मलेशियातल्या ताइपिंगच्या बाजारात बिस्किटांचं दुकान चालवते. तिनं मला हे सगळं एकदाच सांगितलं. तेही मधलं दार लावून घेऊन, आवाज खाली आणून. त्यानंतर मी दोनदा विषय काढून पाहिला, तर तिनं माझ्या हातात बिस्किटांची पुडी कोंबली आणि मला वाटेला लावलं.

तीन वर्षांपूर्वीचा, चिनी पंचांगातला सातवा महिना. शनिवार. पिनांगचं जॉर्जटाऊन, देवळासमोरच्या गल्लीतलं एक जुनं हॉटेल.

आणि सुरुवात झाली ती कुठलं हॉटेल घ्यायचं ह्या भांडणावरून.

गेक सिमच्या आईला त्योच्यू ऑपेराचं, म्हणजे आमच्या चिनी संगीत नाटकांचं, भारी वेड. सातव्या महिन्यात देवळांसमोर मांडव पडले, की गेक सिमचे वडील तिला दरवर्षी पिनांगला घेऊन जात. म्हातारी पहिल्या घंटेपासून पडदा पडेपर्यंत जागची हलत नसे. घरी आली की महिनाभर तीच गाणी गुणगुणायची. पण गळा असा, की शेजारचं कुत्रं उठून जायचं. "देवानं हिला कान दिले आणि गळा द्यायचा राहून गेला," असं वडील म्हणत, आणि सगळ्यात मोठ्यानं तीच हसायची.

वडील गेले. मग आईचं विसरणं सुरू झालं.

आधी चष्मा विसरली. मग गॅस. मग घरचा रस्ता. आणि शेवटी एका सकाळी गेक सिमनं पेजेची वाटी पुढे ठेवली, तेव्हा आईनं तिच्याकडे अगदी अदबीनं बघितलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही कोण?"

त्यानंतर रोज हेच. आंघोळ घालताना, औषध देताना, कुशीवर वळवताना... बाई, तुम्ही कोण? बाकी बोलणं जवळजवळ बंदच झालं होतं. दम्यानं छातीत सतत बारीक शिट्टी वाजायची आणि काठीची टकटक व्हायची. घरात आई आहे हे त्या दोन आवाजांवरूनच कळायचं.

एकदा दुकानातल्या रेडिओवर जुनं ऑपेराचं गाणं लागलं. आईचं बोट मांडीवर ठेका धरायला लागलं. तिनं मान वर करून गेक सिमकडे बघितलं. ओठ हलले. नाव अगदी जिभेवर आलं होतं, गेक सिम आजही शपथेवर सांगते.

तेवढ्यात गाणं संपलं.

त्या दिवसापासून गेक सिमच्या मनानं घेतलं. आईला ऑपेराला न्यायचं. एकदा, फक्त एकदा तिनं आपल्याला नावानं हाक मारली पाहिजे.

"ताई, समुद्राकाठचं ते मोठं हॉटेल घे," क्वालालंपूरहून तिचा धाकटा भाऊ बून तेक फोनवर सल्ला देत होता. "लिफ्ट आहे, सकाळचा नाश्ता आहे, पोहायचा तलाव आहे."

"आई पोहणार आहे का?"

"अगं, सोय बघतोय मी!"

"तू? आईला एकदा तरी आंघोळ घातलीयस का रे? फोनवरून सोयी सांगतोय मोठा."

बून तेकनं तिथंच हात टेकले. पण गेक सिमचंही काही चूक नव्हतं. आई गर्दीत फार वेळ बसू शकत नसे. घाबरायची, उठून चालायला लागायची. मांडवात तासभर बसवायचं आणि उरलेलं खोलीतून ऐकवायचं, असा तिचा बेत होता. म्हणून तिनं एकेका हॉटेलला फोन लावून एकच प्रश्न विचारला. खिडकीतून देवळासमोरचा मंच दिसतो का?

"आमच्याकडून समुद्र दिसतो, मॅडम."

"समुद्र नकोय मला."

त्या माणसानं फोनच ठेवून दिला.

शेवटी एक हॉटेल सापडलं. काउंटरवरची मुलगी, शू फेन, बोलायला गोड होती.

"आंटी, मंचाकडे तोंड असलेली एकच खोली आहे. पण ती..."

"पण काय?"

"टोकाची आहे. कॉरिडॉरच्या शेवटची."

कॉरिडॉरच्या शेवटची खोली कुणी घेत नाही, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. वापर नसला की तिथं दुसरंच कुणीतरी राहायला येतं. त्यात सातवा महिना. गेलेली माणसं महिनाभर मोकळी सुटलेली असतात, म्हणून तर त्यांच्यासाठी नाटकं लावायची.

"पुढच्या महिन्यात या ना, आंटी," शू फेन म्हणाली.

"पुढच्या महिन्यात नाटक कुठं असणार?"

"ते खरं..."

"तीच खोली दे," गेक सिम म्हणाली. मनात पाल चुकचुकली होती, पण तिनं तिकडे कानाडोळा केला.

शनिवारी दुपारी दोघी पोचल्या. कॉरिडॉर लांब होता. पुढे पुढे दिवे मिणमिणते होत गेले. काठीची टकटक, छातीतली शिट्टी... बाकी सगळं चिडीचूप.

शेवटचं दार.

गेक सिमनं रीतीप्रमाणे ते वाजवलं. रिकाम्या खोलीचंही दार आधी वाजवायचं, थोडं थांबायचं, आणि आत जे कुणी असेल त्याला वाट द्यायला बाजूला सरायचं. आम्ही सगळे असंच करतो.

"माफ करा हं. आम्ही मायलेकी दोन दिवस राहणार आहोत. तुम्हाला त्रास देणार नाही," ती हळूच म्हणाली.

एवढंच म्हणायचं असतं. पुढे एक शब्द बोलायचा नसतो.

पण आईनं मान पुढे काढली. आणि कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदाच ती स्पष्ट, खणखणीत बोलली.

"एकट्या काय बसलायत? आम्ही नाटक बघायला आलोय. तुम्हीपण चला की आमच्याबरोबर!"

गेक सिमच्या अंगावर सर्रकन काटा आला.

म्हातारीची जन्माची सवय ती. दारावरून कुणी जाताना दिसलं, की जेवायला चला, चहाला चला, बाजारात चला. कुणाला सोडून म्हणून पुढे जायची नाही. पण असलं आमंत्रण तोंडातून गेलं, तर तिथल्या तिथं तीनदा थुंकून ते परत घ्यायचं असतं. गेक सिमला हे माहीत होतं. थू म्हणायला तिनं तोंड उघडलंही होतं.

पण आई बोलली होती!

सबंध वाक्य बोलली होती. तिच्या जुन्या आवाजात, तिच्या जुन्या ऐटीत. गेक सिमच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं आईला मिठी मारली, आणि थुंकायचं राहून गेलं.

खोलीत काहीच वावगं नव्हतं. पलंग, कपाट, खिडकीजवळ एक वेताची खुर्ची. खिडकीतून समोर मंच. गेक सिमचा जीव भांड्यात पडला.

फक्त वेताच्या खुर्चीची बैठक खोलगट दबलेली होती... आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी.

दुपारचा खेळ सुरू झाला तेव्हा मांडवात तुरळक माणसं होती. सगळ्यात पुढची रांग नेहमीप्रमाणे गेलेल्यांसाठी रिकामी. दुसऱ्या रांगेत दोघी बसल्या. म्हणजे गेक सिम आईला खेटून बसायला गेली, तर आईनं मधली खुर्ची हातानं अडवली.

"इथं बसलंय ना कुणीतरी," ती म्हणाली.

गेक सिम हसली. आजचा दिवस आईचा. ती निमूट एक खुर्ची सोडून बसली.

राजदरबारच्या परीक्षेला गेलेल्या नवऱ्याची वाट बघणाऱ्या सुनेची कथा होती. झांजा, ढोल, जरीची लांब बाही हवेत. आई रंगून गेली. मध्येच रिकाम्या खुर्चीकडे झुकायची, काहीतरी कुजबुजायची, खुदकन हसायची. पिशवीतल्या भुईमुगाच्या शेंगा काढून तिकडे द्यायची. आई शेंगा खाली टाकतेय, असं गेक सिमला वाटलं. जाताना झाडून टाकू, असं ती मनात म्हणाली.

खेळ संपला. ती वाकली.

खुर्चीखाली शेंगा नव्हत्याच.

नुसती टरफलं होती. नीट सोललेली, एकात एक घातलेली...

गेक सिमनं आईचा दंड धरला आणि तडक हॉटेल गाठलं. वाटेत तीन वेळा थुंकली. पण आता त्याचा काय उपयोग?

दिवेलागणीला समोर रात्रीच्या खेळाचे ढोल सुरू झाले. आईला वेताच्या खुर्चीत खिडकीशी बसवून गेक सिम आंघोळीला गेली. नळ सोडला. अंगावर दोन तांबे घेतले असतील नसतील...

बाहेर कुणीतरी गायला लागलं.

मंचावरचा आवाज वाटला आधी. पण तो कर्ण्यातून येत नव्हता. इथं, दाराच्या अलीकडे होता. कोवळा, स्वच्छ, एक सूर इकडचा तिकडे न होऊ देणारा. सून नवऱ्याच्या आठवणीत गाते ते पद.

गेक सिमनं नळ बंद केला.

आणि तिच्या लक्षात आलं, की एक आवाज कमी झालाय.

छातीतली शिट्टी.

ती तशीच टॉवेल गुंडाळून बाहेर आली. आई खिडकीशी ताठ उभी होती. काठी खुर्चीला टेकवलेली. गाणं तिच्याच तोंडून येत होतं. जन्मभर जिला एक सूर धड लागला नाही, ती आई.

गेक सिमला किंचाळावंसं वाटलं. दार उघडून पळावंसं वाटलं.

तेवढ्यात आई वळली. हसली.

"सिम," ती म्हणाली. "अशी ओली काय उभी राहिलीस? सर्दी होईल ना, बाळ. ये, केस पुसून देते."

आता तुम्हीच सांगा. तुम्ही काय केलं असतं?

गेक सिम लहान मुलीसारखी तिच्या पायाशी जाऊन बसली. आईनं तिचे केस पुसले, विंचरले. शाळेत असताना आंब्याच्या झाडावरून पडलीस तेव्हा इथंच खोक पडली होती, म्हणून कानामागे बोट लावून दाखवलं. जागा बरोबर होती. गेक सिम हुंदके देऊन रडली, आणि रडता रडता आईच्या मांडीवरच तिचा डोळा लागला. समोरचा खेळ कधी संपला, तिला कळलंही नाही.

जाग आली तेव्हा बाहेर उजाडत होतं. ती पलंगावर होती. शेजारी आई शांत झोपलेली. श्वासाचा आवाजसुद्धा नाही.

आणि तरीही खोलीत शिट्टी वाजत होती.

बारीक. ओळखीची. दम लागलेल्या छातीतली...

वेताच्या खुर्चीकडून.

गेक सिमनं मान वळवली. खुर्ची रिकामी होती. काठी तिला टेकलेली. खिडकीतून फिकट उजेड सरळ बैठकीवर पडला होता. बैठक दबलेली होती.

शिट्टी थांबली. कुणीतरी दम घ्यावा तशी. मग खुर्चीकडून आवाज आला. अगदी हळू, अदबशीर, जरा घाबरलेला.

"बाई... तुम्ही कोण?"

गेक सिम "आई" म्हणायला गेली, तो कुणीतरी तिचं मनगट धरलं. शेजारी झोपलेल्या आईनं. डोळे मिटलेलेच.

"लक्ष नको देऊस," ती म्हणाली. "झोप, सिम."

सकाळी दोघींनी खोली सोडली. बेत खरं तर आणखी एक रात्र राहायचा होता. आई कॉरिडॉरमधून झपाझप पुढे निघाली. खाली काउंटरपाशी आल्यावर गेक सिमला जाणवलं, की टकटक ऐकूच आली नाही.

"आई, काठी वर राहिली. थांब, आणते."

"राहू दे गं," आई सहज म्हणाली. "तिला लागेल."

शू फेननं किल्ली घेता घेता दोघींकडे बघितलं आणि नजर खाली वळवली.

ताइपिंगात नुसता आनंदीआनंद. आई पेज करायला लागली, दुकानात बसायला लागली. तिचं गाणं ऐकायला लोक उगाच बिस्किटं घ्यायला येऊ लागले. डॉक्टर म्हणाले, असे चांगले दिवस येतात कधी कधी, कारणं कशाला शोधता? बून तेक धावत आला. आईनं त्याला दारातच ओळखलं आणि त्याच्या सुटलेल्या पोटावरून झापलं. तो स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडला.

"ताई, मी तलाव तलाव करत बसलो होतो," तो नाक पुसत म्हणाला. "हॉटेल तूच बरोबर निवडलंस."

गेक सिमनं त्याच्याकडे बघायचं टाळलं.

कारण तिच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. आईला सगळं आठवत होतं. गेक सिमची शाळा, आंब्याचं झाड, वडिलांचं आजारपण. पण गेक सिमच्या जन्माआधीचं काही विचारलं... आईचं माहेर, तिच्या मैत्रिणी, लग्नात काय नेसली होती... की आई हसून म्हणायची, "जुनं कशाला उकरतेस?"

गेक सिमला जेवढं माहीत होतं, तेवढंच आईला माहीत होतं.

तिनं एकदा धीर करून हे बून तेकला सांगितलं. तो तिच्याकडे बघतच राहिला.

"आई बरी झालेली तुला बघवत नाहीये का, ताई?"

तो घाव तिच्या फार वर्मी लागला. पुन्हा ती त्याच्याशी ह्यावर बोलली नाही.

मग एक दिवस शू फेनचा फोन आला.

"आंटी, आजींची काठी इथंच राहिलीय. तुम्ही... येऊन घेऊन जाल का?"

"असू दे गं तिथंच. टाकून दे हवं तर."

"टाकली होती, आंटी." पोरीचा आवाज रडवेला झाला होता. "काउंटरमागेपण ठेवून बघितली. सकाळी ती परत त्याच खोलीत असते. खिडकीजवळ. आणि शेजारच्या खोलीतले लोक म्हणतात, आत कुणीतरी म्हातारं माणूस सारखं काहीतरी विचारतं..."

"काय विचारतं?"

"नीट ऐकू येत नाही म्हणतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेक सिम निघाली. "बाजारात जातेय, डबे आणायचेत," एवढंच तिनं आईला सांगितलं. आगगाडीनं बटरवर्थ. तिथून पिनांगच्या बोटीचा धक्का. बोट लागलेलीच होती. पाण्यापलीकडे जॉर्जटाऊन उन्हात चमकत होतं.

फाटक उघडलं. माणसं चढली.

गेक सिमचे पाय उचलेनात.

काय होणार होतं तिथं जाऊन? ती दार वाजवेल. आत जाईल. आई खिडकीशी असेल, नाहीतर नसेल. असली, तर ती मान वळवून विचारेल... बाई, तुम्ही कोण? आणि मग तिला घरी कसं आणायचं? जिला लेक ओळखू येत नाही, ती कुणाच्या मागे येणार? आणि ती आली, तर घरची ती जाईल. "सिम" म्हणणारं जगात कुणी उरणार नाही.

आपल्या मनात हे आलंच कसं, ह्याची तिला इतकी लाज वाटली, की ती तिथंच, धक्क्यावर, उभ्या उभ्या रडायला लागली. एका मलय बाईनं पुढे होऊन तिला पाण्याची बाटली दिली.

"काय झालं, काकी? घरचं कुणी गेलं का?"

"माहीत नाही," गेक सिम म्हणाली.

बोट सुटली. ती लांब जाईपर्यंत गेक सिम बघत उभी राहिली. मग परतीच्या गाडीत बसली.

घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. आई दारातच उभी होती.

"आलीस, सिम? हातपाय धू. पेज गरम आहे."

आईनं वाढलं. खारवलेलं अंडं सोलून वाटीत ठेवलं. समोर बसली, आणि हात लांब करून तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"धक्क्यावरूनच परतलीस ना?" तिनं हळूच विचारलं.

गेक सिमचा हात वाटीवरच थांबला.

"बरं केलंस," आई म्हणाली. "ती तुला ओळखणार नव्हती."

मान खाली घालून गेक सिमनं पेज खाल्ली.